आधी पोरीचं काढा

आधी मामींचं सांगतो, झालं काय ते मागून. मामी म्हणजे माझ्या बायकोची आई. आमच्या परभणीकडं सासूला मामी म्हणतात. आता कोर्टाच्या कागदावर बायको माझी राहिली नाही, तेव्हा मामींना काय म्हणायचं हे मला ठाऊक नाही, आणि असल्या गोष्टी विचारणार कुणाला? म्हणून मामीच म्हणतो. आठवड्याआड माझी मुलगी माझ्याकडं राहते, माझ्या हातची पोळी डब्यात घेऊन शाळेत जाते. हे ज्यांच्यामुळं झालं त्या मामी. स्वतःच्या लेकीचा राग ओढवून घेऊन त्यांनी हे केलं. हे लिहितानासुद्धा मी दोनदा उठून दाराची कडी बघून आलो. माझा स्वभावच तसा. काही चांगलं झालं की ते निसटेल, अशी धास्ती मला आधी लागते.

आठवीत गणितात नापास झालो आणि नंतर शाळेत गेलोच नाही. गावातला एकजण हैदराबादला एका दवाखान्याच्या धोबीखात्यात होता, त्याच्या मागं इकडं आलो. आता तिथंच लिननच्या स्टोअरमध्ये आहे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, वॉर्डातून येणारे आणि वॉर्डात जाणारे, एवढंच माझं जग. पगार बारका पण महिन्याच्या महिन्याला येतो. बायको इथंच वाढलेली. मामी नांदेडच्या, पण लग्न होऊन इकडं आल्या आणि नवरा गेल्यावर इथंच राहून त्यांनी लेकीला शिकवलं. बायको बी.कॉम. झालेली, एका कंपनीत हिशेबाला. तेलुगू माझ्यापेक्षा शंभरपट चांगली. लग्न ठरताना मध्यस्थांनी सांगितलं होतं, पोरगा निर्व्यसनी आहे. एवढ्यावर ठरलं.

दिलसुखनगरला क्लासवाल्या पोरांच्या हॉस्टेलांमागं एक गल्ली आहे, तिथं तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोन खोल्या आणि किचन असं घर घेतलं होतं. नावं दोघांची. हप्ता तिच्या खात्यातून जायचा, किराणा, शाळेची फी आणि लाईट बिल माझ्याकडं. माझी ड्युटी पहाटेची, दुपारी सुटायची. मग मुलीला शाळेतून आणणं, तिला खाऊ घालणं, वेण्या सोडून परत घालणं, गृहपाठ, हे माझं. बायको दिवेलागणीनंतर यायची. मामी आमच्यासोबतच. गुडघ्यामुळं त्यांना जिना जमायचा नाही, पण सकाळचा स्वयंपाक त्यांचा.

वेगळं व्हायचं का ठरलं, हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. आदळआपट झाली नाही. एकाच घरात बसून आम्ही एकमेकांना फोनवर लिहायला लागलो. "दूध आणा." "आणलं." असं. तिला वाटायचं सगळं ओझं तिच्यावर आहे. मला वाटायचं मी घरात नोकरासारखा आहे. दोघांचंही थोडं थोडं खरं असेल. एके दिवशी तीच म्हणाली, "आपण असंच म्हातारं व्हायचं का?" मला उत्तर आलं नाही, तेच उत्तर झालं.

मुलीबद्दल मात्र वाद नव्हता. एक आठवडा आईकडं, एक आठवडा माझ्याकडं. दोघांनी शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात राहायचं. मुलगी चौथीत. तिला समजावून सांगितलं, तर ती सगळं ऐकून म्हणाली, "मग माझी सायकल कुठं राहणार?" तेवढं आम्ही ठरवलंच नव्हतं.

घर विकायचं, बँकेचं कर्ज फेडायचं, उरेल ते वाटून घ्यायचं. त्यासाठी चिक्कडपल्लीला एका वकिलांकडं गेलो. म्हातारे तेलुगू गृहस्थ, एका मिठाईच्या दुकानावर त्यांचं ऑफिस, खालून तुपाचा वास वर येत होता. बायकोशी ते तेलुगूत बोलले, तिनं सगळं नीट मांडलं. हप्ते किती वर्षं भरले, कोणत्या खात्यातून भरले. तिचं काही खोटं नव्हतं. मी टेबलावरच्या चहाकडं बघत होतो. मग ते माझ्याकडं वळले.

"आपको क्या होना, बोलो."

हैदराबादच्या हिंदीत 'होना' म्हणजे पाहिजे. काय पाहिजे बोला. मनात एकच घोळत होतं, की पाहिजे म्हणालो तर पुढचा प्रश्न येईल, तुम्ही भरलं काय? आणि मी काय सांगू? वेण्या घातल्या म्हणून सांगू? घर घेताना मी माझा पीएफ काढून घातला होता, तो तर त्या घटकेला माझ्या ध्यानातही आला नाही.

"कुछ नक्को," मी म्हणालो.

"ठीक है," वकील म्हणाले आणि लिहून घेतलं. पान उलटलं.

बस. एवढंच झालं. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो, कशाची तरी वाट बघत. कशाची, ते नंतर कळलं. आमच्याकडं पहिल्या शब्दाला कुणी हो म्हणत नाही. पाव्हण्याला भाकरी वाढायला गेलं की तो ताटावर हात धरतो, नको नको म्हणतो, मग वाढणारा म्हणतो, असं कसं, माझी शप्पत हाय, आणि मग पाव्हणा हात बाजूला करतो. पहिल्या शब्दाला घेतली तर हावरट. मी तसलाच हात धरला होता. 'नक्को' हा आमचाच शब्द, मराठी माणसाकडूनच तो इकडं आला म्हणतात. पण येताना आग्रह मागंच गावी राहून गेला. इथं नक्को म्हणजे नको. विषय संपला. वकिलांचा दोष नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

जिन्यात बायको म्हणाली, "खरंच काही नको?"

तिनं विचारलं तर होतं. पण ती पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत विचारत होती, आणि मला वाटलं आता परत शब्द फिरवला तर हलका पडीन. "राहू दे," म्हणालो.

मी आधी बाहेर पडायचं ठरलं होतं. गिऱ्हाईक मिळालं होतं, रजिस्ट्री व्हायला अवकाश होता, तोवर त्या तिघी घरात राहणार होत्या. मी शाळेजवळ खोल्या बघत फिरलो. जिथं जाईन तिथं ॲडव्हान्सचा, म्हणजे डिपॉझिटचा, आकडा ऐकून जिना उतरायचो. एका घरमालकीणबाईंनी तर तोंडावर विचारलं, "फ्यामिली है क्या, बॅचलर?" मी म्हणालो, "अर्धी है." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. दार लावून घेतलं.

शेवटी अफझलगंजला बिदरकडच्या दोन पोरांच्या खोलीत जागा मिळाली. ती पोरं किराण्याच्या ठोक दुकानात काम करायची, खोलीला हळदीचा आणि गोणपाटाचा वास. पोरं भली होती. पण तीन गाद्या टाकल्या की दार उघडायला जागा उरत नसे, आणि संडास खाली, आख्ख्या चाळीला एक.

माझा पहिला आठवडा आला तेव्हा बायकोला फोन केला, म्हणालो, ड्युटी वाढलीय, ह्या आठवड्यात तिला तुझ्याकडंच राहू दे. पुढच्या वेळी म्हणालो, जरा ताप आहे. खरं तर ड्युटीवरून सुटलो की मी मुसी नदीच्या पुलावरून मोठ्या लायब्ररीपर्यंत जायचो आणि परत यायचो. आत जायची हिंमत नव्हती, बाहेरच फेऱ्या. खोलीत बसवत नव्हतं. आईचा गावाहून फोन यायचा, "जेवलास का?" "जेवलो." दुसरं तिला सांगून ती काय करणार होती? मुलगी फोनवर विचारायची, "पप्पा, तुमचं घर झालं का?" घर बांधायला घेतलंय असंच तिला वाटत असावं.

मग एकदा बायको म्हणाली, "हे बघा, तिची बॅग भरून ठेवायची आणि मग काढायची, हे मला जमत नाही. ती बॅगजवळ बसून राहते. तुम्हाला होत नसेल तर तसं लिहून टाकू. राहील माझ्याकडं, तुम्ही येऊन भेटत जा."

ती चिडून बोलली नाही. म्हणून तर भीती वाटली. पुढच्या आठवड्यात वकिलांकडं सह्या होत्या. हे एक वाक्य त्यात वाढवायला कितीसा वेळ?

त्या रविवारी दुपारी मामी आल्या. गुडघा धरत धरत, बस बदलून, हातात डबा. मी सांगितलं नव्हतं, नातीनं आईच्या फोनमधून पत्ता काढून दिला होता. पोरं धडपडून उठली, "आओ अम्मा, बैठो." मामी गादीच्या कडेवर टेकल्या. दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातली शेगडी, सगळ्यावरून नजर फिरवली.

"पाव्हणं, पोरगी कुठं निजणार?"

"बघतो की, मामी."

"काय बघायलाव? हितं मला पाय लांब करायला जागा न्हाई."

धाकटा पोरगा मधेच म्हणाला, "अम्मा, बच्ची आई तो हम लोगां छत पे सो जाते. कोई मसला नै."

"तू सो बाबा छत पे. गुणाचा हाईस. पन पोरगी न्हायेंगी किदर? तेरे हळदी के गोणी में?" पोरगा हसला, मामी हसल्या नाहीत. माझ्याकडं वळल्या. "वकिलाला काय बोललाव तुम्ही?"

"नको म्हणालो."

"कितीदा?"

"एकदा."

"आन् त्यानं ऐकून घेतलं?"

"घेतलं."

मामींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! लग्नानंतर पहिल्यांदा आलाव तवा पाण्याला नको, चहाला नको, भाताला नको. मी ऐकत बसले असते तर वर्षाच्या आत उपाशी मेला असताव!"

मला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. मी म्हणालो, "मामी, हप्ते तिनं भरले. मी कशाच्या जोरावर मागू?"

डब्याचं झाकण उघडता उघडता त्या थांबल्या. "भाकरी नको म्हणा, तुमच्या पोटाची हाय. पन पोरीची निजायची जागा नको म्हणायला ती तुमची हाय का? ती पोरीची हाय. दुसऱ्याची वस्तू नको म्हणणारे तुम्ही कोण?"

आजपर्यंत मी स्वतःला कमी घेणारा, भला माणूस समजत होतो. त्या म्हणाल्या त्यात शिवी नव्हती, तरी मला ते चांगलंच लागलं.

सह्यांच्या दिवशी मामी आमच्यासोबत आल्या. बायकोला वाटलं, गोड खायला म्हणून खाली दुकानापर्यंत येतायत. पण त्या कठडा धरून जिना चढल्या आणि थेट वकिलांसमोरच्या खुर्चीत बसल्या.

"वकीलसाब, ये हमारे जवाई का नक्को नक्को नै है."

वकिलांनी चष्मा वर केला. "तो क्या है, अम्मा?"

"पैला नक्को शरम का रैता. हमारे में फिरसे पूछना पडता. आप पूछेच नै."

वकील हसायला लागले. "अम्मा, मेरेकू मालूम होता तो दस बार पूछता. फीस भी बढ जाती." मग गंभीर होऊन माझ्याकडं बघितलं. अजून सही झाली नव्हती, काहीच पक्कं नव्हतं. "अब पूछ रौं. क्या होना?"

या वेळी मी तयारी करून गेलो होतो. म्हणालो, शाळेजवळ एक खोली, किचन, आत संडास-बाथरूम. तिचा ॲडव्हान्स आणि सुरुवातीचं भाडं. मुलगी राहू शकेल एवढं. मला माझ्यासाठी नको... आणि 'नको' तोंडातून निघताच मामींनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

बायकोचा चेहरा लाल झाला होता. "आई, तू कुणाची आई आहेस?"

"तुझी. म्हणून तर आले."

"हप्ते मी भरले. ह्यांनी नको म्हटलं, मी काढून घेतलं नाही. आता मीच वाईट?"

"तुला वाईट कोण म्हणतंय? तुझं तुला मिळू दे, जास्तीच मिळू दे. पन आधी पोरीचं काढा. दोन्ही घरं तिचीच हायत. दोन्हीकडं तिला भिंत पायजे, दार पायजे. ते काढून उरलं की मग तुम्ही दोघं वाटा, भांडा, काय पायजे ते करा."

"आणि मी ऑफिसात बसायचे तेव्हा?" बायको म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "तिचा पहिला दात पडला तो ह्यांनी बघितला. गॅदरिंगचा नाच ह्यांनी बघितला. मला फोनवर फोटो आला. तो हप्ता मी फक्त पैशात भरला का?"

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी तिला फोटो पाठवायचो ते ती खूश होईल म्हणून. मला त्या क्षणी वाटलं, तिला सगळं देऊन टाकावं आणि उठून जावं. पण मग बॅगजवळ बसलेली मुलगी आठवली, आणि मी बसून राहिलो. माझ्या आयुष्यात मी केलेलं अवघड काम कोणतं म्हणाल, तर ते, खुर्चीत बसून राहणं.

वकिलांनी तिला पाणी दिलं. मग म्हणाले, कायदा एक गोष्ट सांगतो, पण तुम्ही राजीखुशीनं ठरवाल तेच मी लिहीन. आणि दोघांच्या मधोमध कोरा कागद सरकवला.

अर्धा-अर्धा कुणीच म्हणालं नाही. आधी कर्ज. मग दोन्ही घरांचा ॲडव्हान्स आणि मुलीच्या सामानाचा खर्च, दोन्हीकडं सारखा, तो कुणाच्या वाट्यात धरायचा नाही. उरलं त्यातले दोन भाग तिचे, एक माझा. एक भाग कशाचा, असं मी विचारलं तर बायकोच म्हणाली, "तुमचा पीएफ गेला होता की यात. विसरलात?" हिशेब ती कधी चुकत नाही. शाळेची फी आलटून पालटून. सायकल शाळेच्या जवळ जे घर असेल तिथं.

खाली आलो तेव्हा मामी बायकोच्या पुढं चालत होत्या, दोघी बोलत नव्हत्या. बायको माझ्याजवळ थांबली. "मला घरी सांगायचं होतं तुम्ही. मी काय नाही म्हणाले असते?" मी काही बोलायच्या आत तिनंच मान हलवली. "म्हणाले असते बहुतेक. त्या दिवसांत म्हणाले असते."

आता शाळेच्या मागच्या गल्लीत माझी खोली आहे. सोमवारी मुलगी बॅग घेऊन येते. पहिल्या दिवशी तिनं सगळी दारं उघडून बघितली, दोनच होती, आणि म्हणाली, "बरं आहे." तेवढ्यावर माझं पोट भरलं. पण स्वस्थ बसवत नाही ते नाहीच. घरमालक भाडं वाढवील का, दवाखान्यात मशिनी आल्या तर आमचं स्टोअर राहील का, मुलगी मोठी झाली की तिला दोन घरांचा कंटाळा येईल का. ती झोपली की मी पंखा कमी करतो, परत वाढवतो.

मामी मात्र लेकीच्या घरी अवघडल्यासारख्या राहतात, हे मला दिसतं. बरेच दिवस मायलेकींचं बोलणं बंद होतं. आता बोलतात, पण कामापुरतं. मुलीला सोडायला जातो तेव्हा मामी वरून हात करतात, खाली येत नाहीत, गुडघा आता अजिबात वाकत नाही. मागच्या खेपेला मी वर गेलो तर म्हणाल्या, "ही एकदा मोठी झाली की माझं काम संपलं. मग मी काय, सामान."

तेव्हा जिन्यात माणसं होती, बोलता आलं नाही. इथं लिहितो. मामी, तुम्ही लेकीसमोर उभ्या राहिलात, त्याची फेड आज माझ्याच्यानं होणार नाही, खोली एक आहे आणि पगार तेवढाच. पण मी तळमजल्याचं घर बघायला लागलोय, जिना नसलेलं. मिळायला वर्षं लागतील, लागू देत. ज्या दिवशी तुम्हाला तिकडं जड वाटेल, त्या दिवशी निरोप पाठवा, रिक्षा घेऊन मी येईन. तुमचा कागदावर कुणी नसलो तरी तुमचं म्हातारपण मी करीन.